कोवळ्या ज्वारीतले विष

६ ऑगस्ट २०२२. इटलीच्या उत्तरेकडील पीडमाँट भागात सोम्मारिव्हा देल बोस्को नावाचे एक गाव आहे. तिथे चरायला गेलेल्या कळपातल्या गायी अचानक धापा टाकू लागल्या, लटपटल्या आणि एकामागून एक कोसळल्या. पन्नासच्या आसपास धडधाकट गायी बघता बघता दगावल्या. अंगावर जखम नव्हती, आदल्या दिवशी कोणताही आजार नव्हता. तपासणीत जे आढळले ते ऐकून तिकडच्या वाचकांना धक्का बसला असेल. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्याला मात्र त्याचे नवल वाटणार नाही. गायींनी ज्वारी खाल्ली होती.

महाराष्ट्रात अनेक ठिकाणी याला ‘किराळ लागणे’ म्हणतात. पोंग्यातली ज्वारी किंवा कापणीनंतर खोडाला आलेले फुटवे जनावराने खाल्ले की ते फुगते, थरथरते आणि तासाभरात जाते, हे गावोगावी ठाऊक आहे. ठाऊक नसते ते एवढेच की किराळ म्हणजे सायनाइडची विषबाधा. गुप्तहेरांच्या सिनेमात जी कुपी चावली जाते, तिच्यातलेच हे विष.

अर्थात ज्वारीच्या पानात सायनाइड तयार स्वरूपात भरलेले नसते. तसे असते तर ज्वारी स्वतःच मेली असती. पानाच्या पेशींमध्ये धुरिन नावाचा एक निरुपद्रवी पदार्थ असतो, आणि त्याला फोडणारे विकर वेगळ्या कप्प्यात ठेवलेले असते. किड्याने किंवा गायीने पान चावले की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटते. खाणाऱ्याला रोखण्याची ही वनस्पतीची स्वतःची तजवीज आहे. गाय, म्हैस, शेळी यांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्यांच्या कोठीपोटात चारा तासन्‌तास भिजत पडतो आणि तिथले जंतू विष सुटायला हातभार लावतात. त्यामुळे घोडा किंवा डुकरापेक्षा रवंथ करणाऱ्या जनावरांना हे विष लवकर बाधते.

साधारणपणे दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम सायनाइड जनावराला पुरेसे ठरते. म्हणजे ४०० किलोच्या गायीला एक ग्रॅमही लागत नाही. रक्तातून पेशीपर्यंत पोहोचलेला प्राणवायू वापरणारे जे शेवटचे यंत्र असते, नेमके तेच सायनाइड बंद पाडते. श्वास चालू असतो, फुफ्फुसे ठीक असतात, रक्तात प्राणवायू भरलेला असतो, आणि तरीही प्रत्येक पेशी गुदमरत असते. म्हणूनच अशा जनावराचे शिरेतले रक्त काळपट न दिसता लालभडक दिसते, कारण त्यातला प्राणवायू कोणी घेतलेलाच नसतो. वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी हे वाचले तेव्हा ते मला केवळ परीक्षेपुरते वाटले होते.

मग एरवी तीच ज्वारी वर्षानुवर्षे चालते कशी? इथे पाऊस आणि वय यांचा संबंध येतो. रोप गुडघ्याएवढे असताना धुरिन भरपूर असते आणि पीक फुलोऱ्यात येईपर्यंत ते बरेच उतरते. पावसाने ओढ दिली की वाढ खुंटते, पण धुरिन साठत राहते. नत्रखताचा मारा झाला असेल तर आणखी वाढते. इटलीत २०२२ च्या उन्हाळ्यात पो नदीच्या खोऱ्यात सत्तर वर्षांतला सर्वांत कडक दुष्काळ होता. हिरवे म्हणून जे उरले होते, ते असे खुरटलेले होते. दुष्काळातल्या भुकेल्या जनावराला वाळल्या रानात तेवढाच हिरवा पट्टा दिसतो आणि ते अधाशासारखे खाते. हीच गोष्ट आपल्याकडे जून-जुलैत पावसाच्या खंडात घडते, आणि काढणीनंतर अवकाळी सर येऊन खोडांना फुटवे आले की पुन्हा घडते. नीट वाळलेल्या कडब्यात मात्र हे विष बरेचसे उडून गेलेले असते.

ज्वारीची भाकरी खाणाऱ्यांनी घाबरू नये. पक्व दाण्यात हा धोका नाही. तो मोडांत असतो. ‘पौष्टिक’ म्हणून ज्वारीला मोड आणून ते कच्चे खाण्याची टूम काही ठिकाणी निघाली आहे, ती सोडून द्यावी हे बरे.

हे विष ज्वारीपुरते नाही. केरळच्या इडुक्की जिल्ह्यात ३१ डिसेंबर २०२३ च्या रात्री एका कुटुंबाची तेरा जनावरे टॅपिओकाच्या साली खाऊन मेली. माणसांनाही या कंदाने दगा दिला आहे. १९८१ मध्ये मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा कडू टॅपिओका पुरेसा वाळवायला लोकांना सवड उरली नाही. हजाराहून अधिक लोकांचे, त्यातही बायका-मुलांचे, पाय कायमचे ताठरले. या विकाराला कोंझो म्हणतात. आपला उपवासाचा साबुदाणा याच कंदाचा, पण त्यासाठी स्टार्च वेगळा काढून धुतला, भाजला आणि वाळवला जातो. त्यामुळे त्याची काळजी रक्तशर्करेसाठी करावी, सायनाइडसाठी नाही.

आता माझ्या ओपीडीतली एक गोष्ट सांगतो. रक्तदाबासाठी नियमित येणारा एक शेतकरी एकदा अगदी वाढलेल्या रक्तदाबासह आला. दोन गायी आणि एक कालवड अर्ध्या तासात गेली होती. बांधावरून चुलतभावाशी जुना वाद होता आणि ‘त्यानेच काहीतरी टाकले’ हे याने पक्के धरले होते. पोलिसांत जायची तयारी होती. जनावरे कुठे चरत होती, असे मी विचारले. ज्वारी काढलेल्या वावरात. मध्ये पाऊस झाला होता का? झाला होता. मी त्याला किराळीबद्दल सांगितले, पण खात्रीने काही सांगणे शक्य नव्हते, कारण शवविच्छेदन न करताच जनावरे पुरली होती. सायनाइड हवेत उडून जाते. पोटातला चारा लवकरात लवकर हवाबंद डब्यात, थंड ठेवून प्रयोगशाळेत गेला तरच पुरावा राहतो. पुरावा नसला की संशय उरतो, आणि भाऊबंदकीत तो दोन-दोन पिढ्या टिकतो.

पण म्हणून जनावर स्वतःच फाडून बघू नये, हे डॉक्टर म्हणून मला मोठ्याने सांगायचे आहे. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल तर तो काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो. शव उघडले की त्याचे जंतू हवेत बीजाणू बनवतात आणि ते मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात. कातडे सोलणाऱ्याच्या हाताला काळ्या खपलीची, न दुखणारी जखम होते, आणि न दुखणारी म्हणूनच तो उशिरा येतो. असे रक्त दिसले तर शवाला हात लावू नये, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नये आणि पशुवैद्यकाला कळवावे. जखम झालीच तर आमच्याकडे यावे आणि जनावराची हकीकत आवर्जून सांगावी. पेनिसिलिनसारख्या जुन्या औषधांनीही हा आजार बरा होतो.

किराळीवरही औषध आहे आणि ते स्वस्त आहे. सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिले की ते सायनाइडला गंधक पुरवते, त्याचे थायोसायनेट बनते आणि ते लघवीवाटे निघून जाते. माणसालाही आम्ही हेच देतो. सोबत सोडियम नायट्राइट द्यायचीही पद्धत आहे, पण ते पशुवैद्यकाने रक्त पाहूनच द्यावे. दुष्काळी चाऱ्यात नायट्रेटही साठते आणि त्याच्या विषबाधेत रक्त चॉकलेटी होते. अशा जनावराला नायट्राइट दिले तर ते मरू शकते. त्याला मिथिलिन ब्ल्यू लागते.

हातात वेळ मिनिटांचा असतो. पहिले जनावर लटपटताच बाकीची सगळी वावराबाहेर काढावीत आणि १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करावा. ‘ज्वारीत चरत होती’ हे पहिल्या वाक्यातच सांगावे, म्हणजे योग्य औषध बरोबर येईल. आडव्या पडलेल्या जनावराच्या तोंडात ताक, तेल, गूळपाणी ओतू नये. ते फुफ्फुसात जाते. इटलीतही कळपातल्या ज्या गायींना थायोसल्फेट वेळेत मिळाले, त्यांतल्या काही वाचल्या.