इजिप्तची बाळे आणि पहिले अठ्ठावीस दिवस

इजिप्तमध्ये बाळ सात दिवसांचे झाले की घरात ‘सुबू’ होतो. बाळाला मोठ्या चाळणीत निजवून हलकेच हलवतात, त्याच्या कानाशी पितळी खलबत्ता वाजवतात आणि वाजवता वाजवता आईचे ऐकत जा म्हणून त्याला बजावतात. आपल्याकडच्या पाचवी-सटवीमागे जी धास्ती असते तीच या विधीच्याही मुळाशी असावी, आणि ती उगाच नव्हे. जगभरातल्या नवजात मृत्यूंपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मृत्यू आजही पहिल्याच आठवड्यात होतात. पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू इतक्या झपाट्याने कमी करून दाखवणारे देश थोडे आहेत आणि इजिप्त त्यांत अग्रभागी आहे. ते यश खरे आहे. पण गेल्या काही वर्षांत ते पहिल्या महिन्याच्या उंबरठ्याशी अडले आहे. याचे खापर दवाखान्यांच्या तुटवड्यावर फोडता येत नाही. माझ्या मते, बाळंतपण घरातून दवाखान्यात हलले, पण बाळाकडे पाहणारे माणूस त्याच्याबरोबर तिथे पोहोचले नाही, हे खरे दुखणे आहे.

आधी यशाची गोष्ट, कारण अपयशाचे बीज तिच्यातच आहे. १९८०च्या दशकात इजिप्तने अतिसाराविरुद्ध देशव्यापी मोहीम काढली. मीठ-साखरेच्या क्षारसंजीवनीची पुडी घरोघर पोहोचली आणि दूरचित्रवाणीवरून ती कशी द्यायची हे आयांना शिकवले गेले. पाठोपाठ लसीकरण वाढले. ‘दाया’ म्हणजे तिथली सुईण; तिच्या हातून नाळ कापली जाताना होणारा धनुर्वात गरोदरपणातल्या लसीने आटोक्यात आला आणि २००७ साली माता व नवजात अर्भकांमधल्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले. राष्ट्रीय आरोग्य पाहण्यांत याचे प्रतिबिंब स्वच्छ दिसते. १९९५च्या पाहणीत दर हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांखालचे ८१ मृत्यू होते, त्यांतले ३० पहिल्या महिन्यातले. २०१४च्या पाहणीत हेच आकडे २७ आणि १४ वर आले. एकोणीस वर्षांतली ही घसरण कोणत्याही देशाने मिरवावी अशीच. मात्र या सगळ्या उपायांचा स्वभाव सारखा होता: पुडी असो वा लस, ती एकदा हातात पडली की काम बरेचसे भागते. महिनाभराच्या आतल्या बाळाला लागते ती जागती नजर, आणि ती पुडीत बांधून देता येत नाही.

म्हणूनच या आकड्यांतला वाटा पाहण्यासारखा आहे. १९९५ मध्ये पाच वर्षांखालच्या शंभर मृत्यूंपैकी ३७ नवजातांचे होते, २०१४ मध्ये ५२. मग २०२१ची कुटुंब आरोग्य पाहणी आली. पाच वर्षांखालचे मृत्यू २८, म्हणजे जवळपास जिथल्या तिथे. नवजात मृत्यू मात्र १८ आणि त्यांचा वाटा शंभरात ६४! यावर पहिला आक्षेप संख्याशास्त्राचा येईल, आणि तो वाजवी आहे. पाहणी नमुन्यावर बेतलेली असते, आयांच्या आठवणीवर चालते, त्यात चूक राहते. शिवाय संयुक्त राष्ट्रांचे अंदाज नवजात मृत्युदर १९९०च्या तिशीवरून २०२०च्या सुमारास दहा-अकरापर्यंत उतरल्याचे सांगतात. पूर्वी जन्मून तासाभरात गेलेले मूल कुणी मोजतच नसे, आता दवाखान्यात मोजले जाते, असाही खुलासा देता येईल. हे सगळे मान्य केले तरी दर वाढला असे म्हणण्याचा आग्रह सोडावा लागतो, एवढेच. पाहणीच्या आरशात तो घटलेला दिसत नाही, हे उरतेच. आणि तोवर तो घटावा यासाठी जे व्हायला हवे होते ते बहुतेक सारे झाले होते.

१९९५ मध्ये जेमतेम एक तृतीयांश बाळे आरोग्यसंस्थेत जन्मत होती. २०२१ मध्ये जवळजवळ सगळीच. पण याच काळात सिझेरियनचे प्रमाण २००५च्या २० टक्क्यांवरून २०१४ मध्ये ५२ आणि २०२१ मध्ये ७२ टक्क्यांवर गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली स्पष्ट सांगितले होते की, समाजातले प्रमाण दहा टक्क्यांपलीकडे गेल्यावर माता-नवजात मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत. अडलेल्या बाळंतपणात सिझेरियन जीव वाचवते याबद्दल वादच नाही. प्रश्न आहे तो कळा सुरू होण्याआधी, सदतिसाव्या-अडतिसाव्या आठवड्यात सोयीची तारीख धरून केलेल्या शस्त्रक्रियेचा. पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांत पाणी असते. कळांच्या काळात स्रवणारी संप्रेरके ते शोषून घ्यायला लावतात. ती संधीच न मिळालेले बाळ कण्हत श्वास घेते, नाकपुड्या फुलतात, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते. चांगल्या कक्षात अशी बहुतेक बाळे एक-दोन दिवसांत सावरतात. रात्री एकही प्रशिक्षित परिचारिका नसलेल्या छोट्या खासगी रुग्णालयात ती सावरतीलच असे नाही. शिवाय आई शस्त्रक्रियेतून सावरत असल्याने पहिले दूध लांबते. २०१४ मध्ये जन्मापासून तासाभरात अंगावर घेतलेली बाळे चतुर्थांशाच्या थोडी वरच होती, आणि निम्म्याहून अधिक बाळांच्या तोंडी चिकाच्या दुधाआधी साखरपाणी किंवा तसलेच काही पडत होते.

कुणी म्हणेल, इजिप्तमध्ये तीनातले एक लग्न नात्यात होते, जन्मजात दोष त्यामुळे येतात, आरोग्यखाते काय करणार? दोष येतात हे खरे. पण नात्यातली लग्ने १९९५ मध्येही होतीच आणि तरीही दर निम्म्याने उतरला. शिवाय माघ्रेबातल्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागातल्या, मोरोक्कोकडे पाहावे. तिथेही अशी लग्ने आहेत. तिथल्या सरकारने २००८ नंतर सार्वजनिक रुग्णालयांत बाळंतपण मोफत केले आणि २०११ ते २०१८ या दोन पाहण्यांदरम्यान नवजात मृत्युदर सुमारे २२ वरून १४च्या आत आला, तोही पाचातल्या एका सिझेरियनच्या आसपास राहून. दोन देशांच्या तुलनेने कारण सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण सुऱ्या वाढवल्याशिवाय बाळे वाचत नाहीत, या समजुतीला ती पुरेसे उत्तर देते. तिसरा आक्षेप पैशाचा: अतिदक्षता कक्ष महाग असतात. इथे गडचिरोलीचा दाखला अगत्याने द्यावासा वाटतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना बाळाचा श्वास, ऊब, वजन आणि जंतुसंसर्ग ओळखायला शिकवले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी आढळला. घरोघरी जाणारी ती तपासणी पुढे भारताचे राष्ट्रीय धोरण झाली. इजिप्तमध्ये बाळे आता घरी जन्मत नाहीत, हा फरक आहेच. पण शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत ती घरीच येतात, आणि दक्षिणेकडच्या सोहाग किंवा आस्यूतच्या खेड्यांत त्यानंतर त्यांच्याकडे पाहायला कोण येते, हाच खरा प्रश्न आहे.

शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांनुसार २०३० पर्यंत प्रत्येक देशाने नवजात मृत्युदर हजारी १२ पर्यंत खाली आणायचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे इजिप्तने तो टप्पा केव्हाच ओलांडला. स्वतःच्या पाहणीप्रमाणे तो अजून सहाने दूर आहे. कैरोतल्या धोरणकर्त्यांनी यांतला दुसरा आकडा खरा मानून कामाला लागावे. तो चुकीचा निघाला तरी बाळांचे त्यात काही नुकसान नाही.