चार मिनिटांचा पाक

ऑर्डरीत तीन अटी होत्या. लाडू पॉपकॉर्नचेच हवेत, प्रत्येक लाडू वेगळ्या प्लास्टिकात गुंडाळलेला हवा, आणि वळताना हातमोजे घातलेच पाहिजेत. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत 31 ऑक्टोबरला मुलांची हॅलोविन पार्टी होती. हा निरोप गेला होता पंचवटीत, राजगिऱ्याचे, चुरमुऱ्यांचे, शेंगदाण्यांचे लाडू घरी वळून विकणाऱ्या एका मावशींकडे. मला तो दाखवला त्याच सोसायटीतल्या मैत्रिणीने, मोठ्या कौतुकाने. मी अडकले ती तिसऱ्या अटीपाशी. गुळाच्या गरम पाकातला लाडू हातमोजे घालून वळता येतो का, हे मला बघायचं होतं.

ते 2024 साल. त्या वर्षी 31 ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली होती. म्हणजे पहाटे अभ्यंगस्नान, पायाखाली कारिट, दिवसभर फराळ, आणि संध्याकाळी त्याच मुलांनी तोंडाला पांढरा रंग फासून भुतं व्हायचं. काहींनी नाकं मुरडली. पण गुजराती घरांत ही रात्र काळी चौदस असते. घरातली कटकट बाहेर जावी म्हणून वडे नेऊन चौकात ठेवतात. अमावास्येच्या तोंडावर भुतं आठवायला आपल्याला अमेरिकेची गरज कधीच नव्हती. लागली असेल ती फक्त पॉपकॉर्नसाठी.

आदल्या दिवशी, बुधवारी, मी गेले. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारामुळे सगळे रस्ते तुंबलेले. पंचवटी कारंजाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, त्यातली पुढची खोली म्हणजेच कारखाना. जमिनीवर शेगडी, शेजारी भांडी बाजारातून आणलेली जाड बुडाची कढई, पाण्याची पातेली, आणि धुऊन घडी घातलेल्या जुन्या लुगड्यावर मांडलेल्या पराती. मावशी पाटावर, सूनबाई चाळणीपाशी. नातू दिवाळीच्या सुट्टीत असल्यामुळे सगळीकडे.

हातमोज्यांचं खोकं कपाटावर होतं. न फोडलेलं.

मका फोडायचं काम सूनबाईंकडे. पातेल्यात जेमतेम बुडाला लागेल एवढं तेल, त्यात मूठभर दाणे, आणि वर झाकण म्हणून उलटी चाळणी. ताटली का नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, "वाफ कोंडली की लाही चामट होते." हे खरंच आहे. मक्याच्या दाण्यात शेकडा चौदाच्या आसपास पाणी असतं. आच 180 अंशांपर्यंत गेली की त्या पाण्याची वाफ आतला पिठूळ गर मऊ करते, दाब बाहेरच्या हवेच्या नऊपट होतो, आणि टरफलाला तो सोसवेनासा झाला की दाणा उलटा होऊन बाहेर येतो. बाहेर पडलेली वाफ भांड्यातच राहिली तर लाही तीच पिते. म्हणून चाळणी.

येवल्याला, मालेगावला, चांदवडला मक्याची शेतंच्या शेतं असताना हा मका मात्र दुकानातून पाकिटात आलेला. आपल्या जिल्ह्यातला मका जातो कोंबड्यांच्या खाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना. तो कढईत टाकला तर तडकतो, करपतो, फुलत नाही. फुलणारा मका वेगळ्या जातीचा, बारीक आणि घट्ट कवचाचा. त्या कवचाला चीर असेल तर वाफ आधीच निसटते आणि दाणा तसाच राहतो. असे गणंग शोधणं हे चाळणीचं दुसरं काम. लाडवात एक जरी गेला तरी कुणाचा तरी दात जायचा, आणि सोसायटीतल्या मुलांचे दात निम्मे दुधाचे, निम्मे पडायला आलेले.

ज्वारीच्या लाह्यांवर मावशींचं जास्त प्रेम. ते शब्दाशब्दात दिसतं. ज्वारीवर गरम पाणी शिंपडायचं, रात्रभर फडक्यात बांधून ठेवायची, सकाळी कडकडीत कढईत कापडाच्या बोळ्याने हलवत फोडायची. नागपंचमीला चुलीवर तवा ठेवत नाहीत, म्हणून हे सगळं आदल्या दिवशी. दाण्याला पाणी पाजून मग आग दाखवायची, हे गणित आपल्या बायकांनी थर्मामीटरशिवाय कधीच सोडवून ठेवलं आहे. "ज्वारीची लाही लहान, पण पाकात एकमेकींना धरते," मावशी म्हणाल्या. "हा मका नुसता फुगतो. अंगावर येतो."

मग गूळ.

चिक्कीचा गूळ वेगळा मिळतो, तोच घ्यावा लागतो. साध्या गुळाचा लाडू दुसऱ्या दिवशी चिकट होतो. गूळ बारीक चिरून कढईत, वर चमचाभर पाणी, आच मध्यम. सुरुवातीला वास गुऱ्हाळाचा, ओला आणि गोड. फेस वर येतो, मोठे बुडबुडे लहान होत जातात, रंग गडद होतो. आणि एका क्षणी वासात काहीतरी उलटतं. गोडाच्या पोटातून किंचित कडसर धार येते, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखी. मी तो क्षण पकडायचा प्रयत्न करत होते आणि दर वेळी तो हुकत होता. मला कळेपर्यंत मावशींचा हात पाण्याच्या वाटीकडे गेलेला असायचा. वाटीत पाकाचा थेंब, थेंबाची गोळी, आणि ती गोळी ताटलीवर टाकायची. टण्ण वाजली की झालं. बद्द वाजली तर अजून थांबा. टण्ण वाजून फुटली तर गेलं.

मिठाईच्या इंग्रजी पुस्तकांत हीच अवस्था 121 ते 130 अंशांच्या मध्ये मांडलेली असते आणि त्यासाठी खास थर्मामीटर मिळतो. पण तिकडेही जुन्या बायका तारच बघत. 1861 साली अमेरिकेत निघालेल्या, मिसेस हॅस्केल यांच्या घरकामाच्या ग्रंथात मक्याच्या लाह्यांच्या गोळ्यांची कृती आहे. त्यात मध किंवा साखर मोठी तार येईपर्यंत उकळायला सांगितली आहे. पंचवटीतल्या पाटावर ही बाई बसली असती तर दोघींचं जमलं असतं, असं मला उगाच वाटलं.

पाकात चिमूटभर खाण्याचा सोडा पडला, सगळा पाक एकदम फसफसून फिका झाला. सोड्याने त्यात वायूचे बारीक बुडबुडे होतात, त्यामुळे लाडू दगड न होता कुरकुरीत राहतो. कढई खाली उतरली, लाह्या पडल्या, दोन उलथण्यांनी वरखाली झाल्या.

"चार मिनिटं," मावशी म्हणाल्या.

कसली?

"पाकाची. चार मिनिटं तो आपला. पुढं तो त्याचा."

हा आकडा त्या घरात सगळे म्हणतात. नातू दारातून आत यायला लागला की सूनबाई ओरडतात, "चार मिनिटं आत यायचं नाही!" फोन वाजला तर तो चार मिनिटं वाजू द्यायचा. शेजारीण साखर मागायला आली, तीही उंबऱ्यावरच थांबली. तिलाही माहीत होतं. या चार मिनिटांत कढईभर लाह्यांचे लाडू व्हायला हवेत, आणि त्या वेळी पाक इतका गरम असतो की मी एक लाही उचलली आणि लगेच टाकली.

मावशींचा उजवा तळवा मला राहून राहून आठवतो. पाण्यात बुडतो, झटकला जातो, सरळ कढईत जातो. तळव्याची कातडी गुळगुळीत आणि जाड झालेली, रेषा जवळजवळ पुसलेल्या. लाह्या उचलताना बोटं सैल, पहिल्या दाबाला हलकी, दुसऱ्या दाबाला घट्ट, आणि मग हाताच्या खळग्यात फक्त एक फेर. चुरमुऱ्याचा लाडू जोरात आवळला तरी चालतो. मक्याची लाही पंख पसरलेली असते, जोर लावला की पंख मोडतात आणि नुसता भुगा उरतो. अमेरिकेतले पाकवाले म्हणूनच गोल, अळंबीसारखी फुलणारी जात वेगळी वापरतात. मावशींना ती जात ठाऊक नाही, मिळणारही नाही. त्यांनी दाब कमी केला. कोणी शिकवलं, तर म्हणाल्या, हाताला कळतं.

तिकडच्या कृतींत हाताला लोणी लावायला सांगतात. मावशी पाणीच लावतात. "तुपाने हात सुटतो, पण लाडूपण सुटतो."

आणि हातमोजे? सूनबाईंनी खोकं खाली काढलं, एक जोडी घातली आणि दुसऱ्या कढईला वळायला बसल्या. बहुधा माझ्यासाठीच. ते पातळ, पारदर्शक, चुरचुर वाजणारे मोजे. गरम पाक लागताच प्लास्टिक बोटांना आवळलं, सुरकुतलं, लाही त्याला चिकटली. हात मागे घेतला तर लाडू मोज्याबरोबर आला. आत घाम, बाहेर गूळ. तर्जनीचं टोक फाटलं. मावशींनी तो लाडू घेऊन उजेडात फिरवून पाहिला. "हा तुकडा आत गेला असता म्हणजे? केस निघाला तर दिसतो तरी."

स्वच्छतेची अट चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. परक्या घरातलं खाणं पन्नास मुलांना द्यायचं तर विचारावंच. पण ही अट सोसायटीला सुचली कुठून, याचा माग काढला की तो पुन्हा हॅलोविनपाशीच जातो. अमेरिकेत एके काळी या रात्री दारावर आलेल्या मुलांना बायका घरी वळलेले पॉपकॉर्नचे गोळे देत. मग बातम्या पसरल्या: सफरचंदात ब्लेड, गोळीत विष. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी 1958 पासूनची वर्तमानपत्रं तपासली आणि 1985 साली सहकाऱ्याबरोबर शोधनिबंध लिहिला. अनोळखी माणसाने दिलेल्या हॅलोविनच्या खाऊने मूल दगावल्याचा एकही खरा पुरावा त्यांना सापडला नाही. सगळ्यात गाजलेलं प्रकरण 1974 चं, टेक्सासमधलं. रोनाल्ड ओब्रायन नावाच्या बापाने विम्याच्या पैशासाठी स्वतःच्याच मुलाला सायनाइड दिलं. तेही घरच्या लाडवातून नाही. कारखान्यात भरलेल्या, दुकानातून आणलेल्या गोड भुकटीच्या नळीतून. 1982 साली शिकागोकडे टायलेनॉलच्या कॅप्सूलमधल्या विषाने सात माणसं मेली, ती विषबाधाही बाटलीबंद औषधातलीच. तरी संशय येऊन बसला तो घरच्या हातांवर. मोहोरबंद चॉकलेटं उरली, गोळे गेले. भीती मुळात परक्याची होती, शिक्षा झाली ओळखीच्या बाईला.

आता ते भय प्लास्टिकात गुंडाळून गंगापूर रोडपर्यंत आलं आहे, आणि लाडूसुद्धा त्याच्याच बरोबर परत आला आहे. ही गंमत मी मावशींना सांगितली. त्यांना ती फारशी वाटली नाही. पाक उतरला होता.

शेवटी तोडगा सूनबाईंनी काढला. वळायचं उघड्या, धुतलेल्या हातांनी. लाडू गार झाले की मोजे घालून गुंडाळायचे. लाडवांना डोळे हवे होते, म्हणून काळ्या मनुका अर्ध्या कापून पाकाच्या थेंबाने चिकटवल्या. केशरी रंग घाला असंही निरोपात होतं. तो मावशींनी घातला नाही, गुळाचा रंग काय कमी केशरी आहे म्हणाल्या. भुतं जरा सात्त्विक झाली खरी. एका लाडवाचे किती मिळाले तेही सांगितलं आणि लगेच बजावलं, लिहू नका, पुढच्या वर्षी तिथूनच घासाघीस सुरू होते. एवढं सांगते की चार मिनिटांच्या त्या कामाचे पैसे मला कमी वाटले.

गुंडाळून झाल्यावर सोसायटीसाठी फोटो काढायचा होता. मोजा घातलेला हात, त्यावर डोळे वटारलेला लाडू. फोटो गेला, पाठोपाठ तिकडून अंगठे आले.

मोज्यांचं उरलेलं खोकं सूनबाईंनी रांगोळीचे रंग मिसळायला घेतलं. मावशी तोवर उठल्या होत्या. लक्ष्मीपूजन शुक्रवारी होतं आणि दाराशी साळीच्या लाह्यांची दोन पोती भट्टीवरून येऊन पडली होती. ती हवेला सादळायच्या आत विकायची होती. पोत्याचं तोंड उघडेपर्यंत गल्लीतले एक आजोबा पिशवी घेऊन हजर. त्यांनी हात सरळ पोत्यात घातला, मूठ भरून वर आणली, दोन लाह्या तोंडात टाकल्या, उरलेल्या परत पोत्यात सोडल्या.

"कधीच्या गं?"

"कालच्या भट्टीच्या, काका. पाव देऊ का अर्धा?"

"अर्धा दे. बत्तासे वेगळे बांध."