भिलाईत चार खुर्च्या मांडायच्या तर

"आपल्या भिलाईत असले लोक नाहीत हो," एका काकूंनी मला ठामपणे सांगितलं. सेक्टरमधल्या एका क्वार्टरच्या अंगणात हळदीकुंकवानंतरच्या ताटल्या आवरणं चाललं होतं. विषय टीव्हीवरच्या कुठल्याशा मालिकेवरून निघाला होता. मी गप्प राहिले, आणि ते गप्प राहणं मला अजून टोचतं.

समलिंगी स्त्री-पुरुषांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आपल्या गावात माहितीचं काही काम सुरू करावं, असं अलीकडे दोनचार जण बोलू लागले आहेत. चांगली गोष्ट आहे. पण ऐकणाऱ्यांचे गैरसमज दूर करायला निघण्याआधी काम करणाऱ्यांनी स्वतःचे तपासून घेतलेले बरे.

"हे मोठ्या शहरांतलं, इंग्रजी शिकलेल्यांचं खूळ"

छत्तीसगढ राज्य झालं 1 नोव्हेंबर 2000 ला. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, मार्च 2001 मध्ये, अंबिकापूरला दोन परिचारिकांनी हिंदू पद्धतीने एकमेकींशी लग्न केलं. त्याआधी, आपण सगळे मध्य प्रदेशात होतो तेव्हा, डिसेंबर 1987 मध्ये दोन महिला पोलीस शिपायांनी असंच लग्न केलं होतं. बातमी फुटली आणि 1988 च्या सुरुवातीला दोघींची नोकरी गेली. दोघी परिचारिका, दोघी शिपाई. खूळ परवडावं असा हा पगार नव्हे.

आणि मराठी माणसाने तर याला पाश्चात्त्य म्हणूच नये. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढत होते. वाचक त्यांना शरीराविषयी, कामजीवनाविषयी प्रश्न पाठवत, त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचेही असत, आणि कर्वे उत्तरं छापत. अशाच उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामविषयावर लिहिलं म्हणजे अश्लील लिहिलं असं होत नाही, हा त्यांचा मुद्दा. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी मराठी वाचक पोस्टाने हे प्रश्न विचारत होता, ही गोष्ट त्या दंडाने पुसली जात नाही.

मग भिलाईत ही माणसं दिसत का नाहीत? कारण भिलाई. 1955 च्या सोव्हिएत करारातून इथला पोलाद कारखाना उभा राहिला, 1959 मध्ये पहिली भट्टी पेटली आणि देशभरातून माणसं आली. नागपूर-भंडाऱ्याकडचे आपलेही पुष्कळ आले. इथे पत्ता म्हणजे क्वार्टर नंबर, स्ट्रीट नंबर, सेक्टर. शेजारचे काका बाबांच्याच विभागात, समोरच्या मावशी आईच्या भिशीत. क्वार्टर वडिलांच्या नावावर, वडील निवृत्त झाले की तेही सुटणार. अशा ठिकाणी पंचविशीतला मुलगा स्वतःबद्दल काय बोलेल, आणि कुणापाशी?

"म्हणजे ते किन्नरच ना?"

नाही. आपण पुरुष की स्त्री की आणखी कोणी, ही जाणीव एक. आपलं मन आणि शरीर कुणाकडे ओढलं जातं, हे दुसरं. गे पुरुष हा पुरुषच असतो, त्याला ओढ पुरुषाची असते. लेस्बियन स्त्री ही स्त्रीच असते. तृतीयपंथी व्यक्तीचा प्रश्न पहिल्या जाणिवेचा आहे. एखादी तृतीयपंथी व्यक्ती समलिंगीही असू शकते, तो भाग निराळा.

आपल्या राज्यात या गोंधळाला एक खास कारण आहे. तृतीयपंथीयांबाबत छत्तीसगढमध्ये खरोखर काम झालं आहे. रायपूरची मितवा संकल्प समिती आणि विद्या राजपूत यांची अनेक वर्षांची धडपड त्यामागे आहे. 2021 मध्ये राज्याच्या पोलीस दलात 13 तृतीयपंथी उमेदवार शिपाई म्हणून निवडले गेले, त्याची देशभर वाहवा झाली, ती योग्यच होती. पण त्यामुळे "हा विषय आपल्याकडे झाला की" असा एक समज पसरला. समलिंगी माणसांचा विषय अजून झालेला नाही. रायपूरच्या अनुभवी मंडळींकडून शिकावं जरूर, पण त्यांचं काम आपल्या हिशेबात धरू नये.

"असा कार्यक्रम घेतला तर पोलीस येतील"

कलम 377 इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये त्याची धार काढली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ती परत दिली, आणि 6 सप्टेंबर 2018 ला नवतेजसिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की प्रौढांमधला संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही.

त्याच निकालात न्या. रोहिंटन नरिमन यांनी केंद्र सरकारला सांगितलं, की या निकालाला दूरचित्रवाणी, आकाशवाणी, वर्तमानपत्रांतून प्रसिद्धी द्या आणि अधिकाऱ्यांना, विशेषतः पोलिसांना, या विषयाची समज देणारं प्रशिक्षण घ्या. म्हणजे लोकशिक्षण करा असं खुद्द न्यायालयाने म्हटलेलं आहे. घरात किंवा भाड्याच्या खोलीत दहा माणसं जमून बोलली तर त्यात बेकायदा काही नाही.

"कायदा बदलला, आता काय राहिलं?"

लग्न राहिलं. 17 ऑक्टोबर 2023 च्या सुप्रियो निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. तो संसदेचा विषय ठरवला. त्यामुळे वारसा, दत्तक, पेन्शन हे सारं अडलेलं आहे. मात्र ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदार संयुक्त बँक खातं काढू शकतात, एकमेकांना नॉमिनी करू शकतात, आणि रेशनकार्डासाठी एका घरातले मानले जातील. बैठकीत मोठ्या घोषणांपेक्षा ही माहिती अधिक कामाची. बँकेच्या काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा परिपत्रकाची छापील प्रत जवळ असू द्यावी.

"डॉक्टरकडे नेलं तर सुधारेल, नाहीतर लग्न लावून द्या"

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त हाल या समजुतीने होतात.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये. आपल्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने 2018 मध्ये जाहीरपणे सांगितलं की हा आजार नाही. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो, समाजाच्या चालीरीतींशी जुळत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. आणि 2022 पासून 'बदलून देण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे.

आयोग हलला तो मद्रास उच्च न्यायालयामुळे, आणि ती हकीकत प्रत्येक बैठकीत सांगण्यासारखी आहे. मदुराईच्या दोन तरुणी घरच्यांच्या जाचाला कंटाळून चेन्नईला पळून आल्या. पालकांनी मुली हरवल्याची तक्रार दिली. प्रकरण न्या. आनंद वेंकटेश यांच्यासमोर आलं. त्यांनी भर कोर्टात कबूल केलं की या विषयाची आपल्याला नीट समज नाही. मग ते स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर शिकायला बसले, समलिंगी समाजातल्या लोकांना भेटले, आणि 7 जून 2021 ला आदेश दिला: पोलिसांनी त्रास देऊ नये, 'बदलण्याचे' उपचार बंद व्हावेत. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश "मला माहीत नव्हतं" म्हणू शकतो, तर आपल्या काकूंना ते म्हणायला कमीपणा का वाटावा?

लग्नाबद्दल एवढंच सांगते, की अशा लग्नात दोन आयुष्यं अडकतात, आणि दुसऱ्याला तर कुणी विचारलेलंही नसतं.

"पोरं बिघडतील"

ऐकून कुणी समलिंगी होत नाही. तसं असतं तर आयुष्यभर फक्त नवरा-बायकोच्या गोष्टी ऐकून वाढलेली ही माणसं कुठून आली? पण या भीतीत एक व्यवहाराची गोष्ट दडलेली आहे, ती झटकून टाकू नये. बैठक अठरा वर्षांवरच्यांसाठीच ठेवा आणि तसं आधीच सांगा. पॉक्सो कायद्यानुसार अठराखालच्या मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "गुप्ततेचं वचन दिलं होतं" ही सबब तिथे चालत नाही.

"आधी संस्था नोंदवू, निधी मिळवू, मग बघू"

या वाक्याने कितीतरी कामं जन्मायच्या आधीच मेली आहेत. मुंबईत अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे मासिक सुरू केलं. हमसफर ट्रस्ट त्यानंतर, 1994 मध्ये. आधी काम, मग संस्था. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टचं काम करता करता 'पार्टनर', 'इंद्रधनू' अशी पुस्तकं मराठीत लिहिली, म्हणून आज वाचायला आपल्या भाषेत काहीतरी आहे. नागपूरला सारथी ट्रस्ट आहे, सकाळी गाडीत बसलं की दुपारी पोचता येतं.

सुरुवातीला लागतात चार खुर्च्या, एक बुटाचा खोका आणि चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांची पद्धत नीट पाळा. सगळे कागद एकाच मापाचे, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन. प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच. प्रश्न नसेल त्याने त्या दिवशी काय जेवलो ते लिहायचं. नाहीतर कोण लिहितोय आणि कोण नाही, हे शेजारी बसलेल्याला दिसतं. चिठ्ठ्या वाचणाऱ्याने अक्षर ओळखायचा प्रयत्न करू नये आणि वाचून झाल्यावर त्या तिथेच फाडाव्यात. कर्व्यांच्या वाचकाला पोस्टाची पेटी होती, इथे खोका. "वरण-भात, बटाट्याची भाजी" असं वाचलं की खोलीत हशा पिकतो आणि पुढची चिठ्ठी जरा मोकळ्या हवेत वाचली जाते.

फोटो नको, हजेरीपट नको, आणि व्हॉट्सअॅप ग्रुप तर मुळीच नको. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. उत्तर माहीत नसेल तर "पुढच्या वेळी सांगते" म्हणावं आणि खरंच सांगावं.

"हा पुरुषांचा विषय"

एचआयव्ही प्रतिबंधाच्या सरकारी कार्यक्रमात समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचा गट मोजला गेला. त्यांच्यासाठी पैसा आला, संस्था उभ्या राहिल्या. स्त्रिया त्या मोजणीत नव्हत्या, म्हणून त्या नसतातच असं लोकांना वाटू लागलं. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' 1981 मध्ये रंगभूमीवर आलं, त्यातली स्त्रीवर प्रेम करणारी नायिका आठवा. मराठी नाटकाला जे दिसलं ते आपल्याला दिसायला इतका वेळ का लागावा?

रविवारी संध्याकाळी सातला बैठक ठेवली तर तिथे पुरुषच येणार. बायकांची बैठक वेगळी ठेवा, दुपारी, फर्स्ट शिफ्टची माणसं घरी परतायच्या आत. जागा अशी हवी की "शिवणाच्या क्लासला जाते" सांगून निघता येईल. मार्च 2024 मध्ये देवू नायर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा स्त्रीला पालकांच्या अर्जावरून कोर्टात आणलं तर न्यायाधीशांनी तिच्याशी एकटीशी बोलावं, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नये. हा निकाल घरात कोंडलेल्या मुलीपर्यंत पोचायचा तर दुपारच्याच बैठकीतून पोचेल.

काकू परवा पुन्हा भेटल्या. या वेळी मी अंबिकापूरच्या त्या दोघींची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग विचारलं, "त्यांच्या आयांचं काय झालं असेल गं?" पालकांसाठीही एक दिवस ठेवावा लागणार, हे मला त्या प्रश्नाने कळलं.

पहिल्या बैठकीला एकच माणूस आला तरी बैठक घ्या. आणि भिंतीवर दोन नंबर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा: मन फार खचलं तर टेली-मानस 14416, मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100.