विश्लेषण : गॅलरीतल्या मिरचीवर मावा पडला? औषध फवारण्याआधी हे वाचा

थंडी सुरू झाली की मीरा रोड आणि भाईंदरच्या इमारतींमधल्या ग्रिलच्या गॅलऱ्यांत हमखास दिसणारे दृश्य म्हणजे मिरचीचे शेंडे आकसलेले, जास्वंदीच्या कळ्यांना हिरवे-काळे ठिपके चिकटलेले आणि कुंडीखालची फरशी चिकट. हा ‘मावा’. मिठाईतला नव्हे, तर झाडाचा रस शोषणारा किडा. तो दिसताच अनेकजण कृषी सेवा केंद्रातून शेतीचे कीटकनाशक आणतात. मात्र ज्या गॅलरीत कपडे वाळतात, मुले खेळतात आणि जिथली मिरची-कढीपत्ता थेट फोडणीत जातो, तिथे ही घाई महागात पडू शकते. मावा इतक्या वेगाने का वाढतो आणि विषारी औषधाशिवाय तो कसा आवरायचा, याविषयी…

मावा म्हणजे नेमके काय?

मावा हा एक ते तीन मिलिमीटर लांबीचा मऊ अंगाचा किडा आहे. हिरवा, काळा, पिवळा, तपकिरी अशा अनेक रंगांत तो आढळतो. मिरचीवर बहुतेकदा हिरवा, चवळी-वालाच्या शेंगांवर काळा, तर रस्त्याकडेच्या रुईवर पिवळाधमक मावा दिसतो. सुईसारखी सोंड कोवळ्या शेंड्यात खुपसून तो रस ओढतो. त्या रसात साखर जास्त आणि प्रथिने कमी असतात. त्यामुळे गरजेपुरती प्रथिने मिळवण्यासाठी माव्याला भरपूर रस प्यावा लागतो आणि उरलेली साखर तो शरीराबाहेर टाकतो. फरशीवरचा चिकटा तो हाच. या चिकट्यावर पुढे काळी बुरशी वाढते आणि पाने काजळी धरल्यासारखी दिसू लागतात.

चार दिवसांत झाड कसे भरते?

आपल्याकडच्या उबदार हवेत माव्याच्या मादीला बहुतेक वेळा नराची गरजच लागत नाही. ती अंडी न घालता थेट पिल्ले देते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते. आठ-दहा दिवसांत पिल्लू स्वतः पिल्ले देऊ लागते. एका मादीने रोज चार पिल्ले दिली तरी आठवड्यात २८ होतात आणि त्यानंतर त्या २८ जणी कामाला लागतात. झाडावर गर्दी झाली की पंख असलेले किडे तयार होतात आणि वाऱ्यावर शेजारच्या गॅलरीत पोहोचतात.

गॅलरीतच त्रास जास्त का?

उघड्यावरच्या झाडांवरचा मावा पावसाच्या जोरदार सरींनी धुऊन जातो. छप्पर असलेल्या गॅलरीत मात्र पाऊस पानापर्यंत पोहोचतच नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीतली थंड, ढगाळ हवा माव्याला मानवते. त्यात युरियासारखे नत्रयुक्त खत जास्त झाले तर शेंडे कोवळे, रसरशीत होतात आणि माव्याला आयती मेजवानी मिळते. मुंग्यांचाही यात वाटा असतो. चिकटा मिळावा म्हणून त्या माव्याची राखण करतात आणि मावा खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर पान उलटून पाहावे.

तो मावाच आहे हे कसे ओळखायचे?

उपाय फसण्याचे मोठे कारण चुकीची ओळख हे असते. जास्वंदीच्या फांदीवर कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण. झाड हलवताच पांढरे ठिपके उडाले तर ती पांढरी माशी. मिरचीची पाने वरच्या बाजूला वळली असतील आणि किडे मात्र दिसत नसतील, तर फुलकिड्यांची शक्यता जास्त. मावा घोळक्याने, शेंड्याला आणि पानाच्या खालच्या बाजूला बसतो. भिंगातून पाहिल्यास त्याच्या पाठीमागे दोन बारीक नळ्या दिसतात.

माव्याने खरे नुकसान किती होते?

मोठे झाड थोडा मावा सहन करते. खरा धोका विषाणूंचा असतो. रस पिताना मावा एका झाडातला विषाणू दुसऱ्या झाडात नेतो. पपईवरचा रिंगस्पॉट आणि केळीवरचा पर्णगुच्छ हे रोग असेच पसरतात. विषाणू शिरलेले झाड कोणत्याही फवारणीने बरे होत नाही. पाने पिवळी-हिरवी चट्टेदार होऊन वाढ खुंटली असेल तर ते रोप काढून टाकणेच योग्य.

घरच्या घरी काय करावे?

पहिला उपाय पाण्याचा. कुंडी न्हाणीघरात नेऊन पानांच्या खालच्या बाजूने जोरात पाणी मारावे. खाली पडलेला मावा सहसा पुन्हा झाडावर चढू शकत नाही. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या कपड्यांवर पाणी गळण्याचा वादही टळतो. पाणीकपातीच्या दिवशी ओल्या फडक्याने किंवा बोटांनी मावा पुसून काढता येतो. फार भरलेला शेंडा खुडून पिशवीत बांधून टाकावा.

दुसरा उपाय साबणाचा. एक लिटर पाण्यात एक लहान चमचा, म्हणजे पाच मिली सौम्य द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारावा. साबण माव्याला लागला तरच काम करतो, म्हणून पानाची खालची बाजू भिजायला हवी. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिने पाने करपतात. आधी एक-दोन पानांवर फवारून दुसऱ्या दिवशी पाहावे.

तिसरा उपाय कडुनिंबाचा. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, आधी थोड्या साबणात घोटून मिसळावे. किंवा ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून गाळून घ्यावी. एका फवारणीत काम भागत नाही. दर पाच-सात दिवसांनी दोन-तीन वेळा फवारावे. पाने, मिरच्या धुऊनच वापराव्यात. नवे रोप आणले की आठवडाभर बाकीच्या कुंड्यांपासून वेगळे ठेवावे.

रासायनिक औषध का नको?

कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वाधिक विषारी, हिरवा सर्वात कमी. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. लेबलवरचे प्रमाण एकर-हेक्टरच्या हिशेबाने दिलेले असते, चार कुंड्यांसाठी ते अंदाजाने मोजले की चूक ठरलेली. फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचे नाही हेही पाळावे लागते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत २०हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. मोकळ्या शेतात हे घडते, तर बंद गॅलरीत किती जपायला हवे, याचा विचार करावा.

मित्रकिडे किती उपयोगी?

याचे उत्तर महाराष्ट्राच्याच उसाच्या फडात आहे. २००२ मध्ये सांगली परिसरात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्रासह कर्नाटकात पसरला. डोक्याच्या वर गेलेल्या उसात फवारणी करणे अवघड होते. अखेर डिफा नावाची मावाभक्षी अळी, मायक्रोमस हा शिकारी किडा आणि एन्कार्सिया ही चिमुकली गांधीलमाशी यांनी हा मावा आटोक्यात आणण्यात मोठा वाटा उचलला. घातक औषध मारले असते तर आधी हेच मरण पावले असते.

गॅलरीतही लाल-काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे येतात. एक ढालकिडा दिवसाला ५०च्या आसपास मावा खाऊ शकतो. त्याची अळी मात्र काळी, काटेरी, इवल्याशा मगरीसारखी दिसते आणि अनेकजण तिलाच कीड समजून चिरडतात. ती दिसली तर फवारणी थांबवावी आणि चार-पाच दिवस वाट पाहावी. अनेकदा तेवढ्यात मावा ओसरू लागतो.