नवख्या विश्वासणाऱ्याने कोणते बायबल घ्यावे?

1811 मध्येच बंगालमधल्या श्रीरामपूरच्या विल्यम कॅरींनी मराठी नवा करार छापला होता. आज निवड करायला भरपूर वाव आहे. प्रॉटेस्टंट उपासनेत बहुतेक ठिकाणी बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ वाचतात. मंडळीबरोबर वाचायचे तर तेच जवळ हवे. भाषा थोडी जुन्या वळणाची, पण कानावर लवकर बसते. कॅथलिक घरात जाणाऱ्याने आधी पुस्तकांची संख्या पाहावी: प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66, कॅथलिक बायबलमध्ये 73. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत आहे आणि पहिल्या वाचनासाठी मला ते फार आवडते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये निघाले. एका मराठी बाईने केडगावात एवढे काम उभे केले, हे प्रत्येकाला ठाऊक असावे. विकत घेण्याआधी मार्ककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय दोन-तीन प्रतींतून मोठ्याने वाचून पाहा. घरातल्या आजीला जी प्रत समजेल, ती घ्या.