अँथनी नेस्टी : शतांश सेकंदाचा विजय

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील सुरीनाम हा छोटा देश १९७५ मध्ये डच सत्तेपासून स्वतंत्र झाला. १९८८ च्या सुमारास त्याची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती आणि ५० मीटर लांबीचा, ऑलिंपिक मापाचा तरण तलाव संपूर्ण देशात एकच होता. अशा देशाच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक कसे मिळविले, हे क्रीडाविकासाचा विचार करणाऱ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

अँथनी नेस्टी यांचा जन्म २५ नोव्हेंबर १९६७ रोजी त्रिनिदाद येथे झाला. ते तान्हे असतानाच कुटुंब सुरीनामला आले. जलतरणातील बटरफ्लाय, म्हणजे फुलपाखरू पद्धतीत त्यांनी प्रावीण्य मिळविले. या पद्धतीत दोन्ही हात एकाच वेळी पाण्यावरून पुढे टाकावयाचे व दोन्ही पाय जोडीने माशाच्या शेपटीप्रमाणे हलवावयाचे असतात. शर्यत संपविताना दोन्ही हात भिंतीस एकदमच लागले पाहिजेत, असा नियम आहे. त्यामुळे शक्तीइतकेच लयीलाही येथे महत्त्व असते.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत नेस्टी यांना २१ वे स्थान मिळाले. पुढे अमेरिकेतील जॅक्सनव्हिलच्या बॉल्स विद्यालयात ग्रेग ट्रॉय यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सराव केला. १९८७ च्या पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धेत ते याच शर्यतीत पहिले आले.

२१ सप्टेंबर १९८८ रोजी सोल येथे अंतिम शर्यत झाली. अमेरिकेचे मॅट बियॉन्डी अखेरपर्यंत आघाडीवर होते. मात्र भिंतीजवळ येताना त्यांच्या हातांची फेक आधीच पुरी झाली होती. उरलेले थोडे अंतर त्यांनी नवी फेक न घेता तरंगत पार केले. नेस्टी यांचे हात भरवेगात भिंतीस लागले. त्यांची वेळ ५३.०० सेकंद, तर बियॉन्डी यांची ५३.०१ सेकंद नोंदली गेली. ऑलिंपिक जलतरणात वैयक्तिक सुवर्णपदक जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय पुरुष ठरले.

१९९१ मध्ये पर्थ येथे त्यांनी जागतिक विजेतेपद पटकावले. १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्यांना कांस्यपदक लाभले. २०२४ अखेर सुरीनामच्या नावावर असलेली दोन्ही ऑलिंपिक पदके त्यांचीच होत. देशाने त्यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढले व राजधानी पारामारिबो येथील क्रीडागृहास त्यांचे नाव दिले.

निवृत्तीनंतर नेस्टी फ्लोरिडा विद्यापीठात प्रशिक्षक झाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष जलतरण संघाचे ते मुख्य प्रशिक्षक होते. ज्या देशाच्या खेळाडूस त्यांनी हरविले, त्याच देशाने आपले जलतरणपटू त्यांच्या हाती सोपविले.

या यशामागे मोठी साधनसामग्री नव्हती. लहानपणी पाण्यात उतरण्याची सोय, योग्य वेळी जाणकार मार्गदर्शन आणि २१ व्या स्थानानंतरही अखंड चालू राहिलेला सराव, या तीन गोष्टी होत्या. गावातील वा शाळेतील गुणी मुलाला त्या मिळतात की नाही, हे पाहणे मात्र वडीलधाऱ्यांच्या हाती असते.