पिकअपमधील पेट्रोलचा वास: उगम आणि उपाय

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते आणि उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. म्हणून पिकअपमधील वासाला केवळ गैरसोय मानणे चुकीचे ठरते. तो केव्हा येतो, यावरून उगम बराचसा ओळखता येतो. टाकी भरल्यावरच येत असेल, तर झाकणाचे रबरी वायसर, गंजलेली भरणनळी किंवा हौद्याखालील टाकीच्या माथ्यावर बसवलेल्या पंपाचे सील तपासावे, कारण अर्ध्या टाकीला पेट्रोल तिथवर सहसा पोहोचत नाही. इंजिनाजवळचा वास पुष्कळदा इंजेक्टरच्या ओ-रिंगमधून, म्हणजे दाबाखालचे इंधन अडवणाऱ्या रबरी कड्यांमधून येतो. गळती दिसत नसेल, तर टाकीतील वाफ शोषून ठेवणारा कोळशाचा डबा, म्हणजे कॅनिस्टर, पाहावा; टाकी काठोकाठ भरण्याच्या सवयीने (आणि ती फारच रुळलेली आहे) त्यात द्रव पेट्रोल शिरून तो निकामी होऊ शकतो. चिरलेल्या नळीला पट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. इंधनाचा दाब उतरवून, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून, त्या दाबाला टिकणारी नवी नळीच बसवावी लागते. गळती शोधताना काडी किंवा लायटर पेटवू नये आणि हे काम बंदिस्त जागेत करू नये.